वटाव, बारदान, थकबाकी : पहिले महायुद्ध व्यापाऱ्याच्या वहीत कसे शोधावे

पहिल्या महायुद्धाचा ठाणे, भिवंडी, पनवेल, उरण या पट्ट्यातील व्यापारावर काय परिणाम झाला, हा प्रश्न मनात धरून एखाद्या घराण्याची जुनी वही उघडणाऱ्या नवशिक्याच्या पदरी पहिली निराशा पडते ती अशी, की वहीत युद्ध सापडतच नाही. ऑगस्ट १९१४ ची पाने उलटावीत, तर तांदूळ, गूळ, मीठ, घासलेट, हमाली, देवाचा सव्वा रुपया अशा नेहमीच्याच नोंदी एकाखाली एक उभ्या असतात आणि ‘लढाई’ हा शब्द वर्षभरात एकदाही येत नाही. व्यापारी इतिहास लिहायला बसलेला नव्हता. आपले येणे किती आणि देणे किती, एवढेच त्याला दिवेलागणीच्या आत जुळवायचे होते. त्यामुळे ज्याला तांदळाच्या भावातच सगळे युद्ध पाहायचे असते तो बहुधा फसतो. माझ्या अनुभवात युद्ध आधी दिसते ते वटाव (पैसे मोडताना किंवा देताना पडणारी कसर-सूट), बारदान (माल भरायची पोती), हुंडणावळ (हुंडीच्या व्यवहाराचा आकार) आणि थकबाकी अशा, मुनीमजीने पानाच्या कडेला बसवलेल्या किरकोळ खात्यांत. पुढील सर्व सूचना त्या खात्यांपर्यंत नीट पोहोचण्यासाठी आहेत.

वही कोठे मिळेल

ठाण्याच्या जांभळी नाक्याभोवतीची जुनी पेठ, कल्याण आणि पनवेलचे बाजार, उरणकडील मिठागरांचे मालक आणि देवस्थानांचे जमाखर्च ही शोधाची पहिली ठिकाणे होत. नवी मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक ठिकाण हाताशी आहे, पण ते सहसा लक्षात येत नाही. वाशीच्या बाजार समितीतील धान्य बाजारात आज गाळे असलेल्या कित्येक पेढ्या मूळच्या मशीद बंदर भागातल्या आहेत आणि स्थलांतराच्या वेळी तिजोरीबरोबर जुने चोपडेही खाडीपलीकडे आले. दिवाळीत वहीची पूजा होत असल्याने जुनी वही रद्दीत घालण्यास अनेक घरे तयार नसतात, आणि आपल्या दृष्टीने हे मोठेच भाग्य आहे. मात्र त्याच श्रद्धेपोटी जुन्या वह्या पाण्यात सोडून दिल्याचेही मी एकाहून अधिक घरांत ऐकले आहे, तेव्हा चौकशी लांबणीवर टाकू नये.

वही मागताना ‘जुने कागद पाहायचे आहेत’ एवढेच सांगितल्यास घरचे लोक जमिनीच्या वादाची शंका घेतात, आणि ती शंका रास्त असते. कोणत्या सालांच्या वह्या हव्यात, त्यांतून काय उतरवून घेणार आणि काय घेणार नाही, हे एका कागदावर लिहून सही करून द्यावे. वही शक्यतो त्यांच्याच घरी बसून पाहावी. जुन्या कागदाला घड्या घालून रकाने पाडलेले असतात. त्या घड्या सपाट करण्याचा मोह टाळावा, कारण कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हे पुष्कळदा त्या घडीवरूनच कळते. छायाचित्रे उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावीत आणि कोरी पानेही सोडू नयेत.

साल कसे जुळवावे

मराठी व्यापाऱ्याच्या वहीत शके असण्याचा संभव अधिक, तर गुजराती आणि कच्छी पेढ्यांच्या वहीत कार्तिकात सुरू होणारा विक्रम संवत असतो. संवतातून कार्तिक ते मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारापर्यंत ५७ आणि पुढे ५६ वजा केले की इसवी सन येतो. शकात ७८ मिळवावे, पण पौषाच्या सुमारास इंग्रजी साल बदलले की ७९. एवढे गणित पाठ असले, तरी महत्त्वाच्या तारखा जुन्या पंचांगावरून पडताळून घ्याव्यात.

ब्रिटनने युद्ध पुकारले ते ४ ऑगस्ट १९१४ रोजी. तेव्हा संवत १९७० चा श्रावण शुद्ध पक्ष चालू होता आणि नारळी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आली होती. कोकण किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यासाठी या तिथीला वेगळाच अर्थ आहे, कारण पावसाळ्यात बंद असलेली गलबतांची ये-जा सुरू होण्याच्या नेमक्या तोंडावर युद्ध उभे राहिले. पुढे २२ सप्टेंबरला, म्हणजे ऐन नवरात्रात, ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या आणि बंगालच्या उपसागरातील जहाजवाहतूक विस्कळीत झाली. मुंबईला येणारा रंगूनचा तांदूळ याच मार्गाने येई. ती नौका ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी निकामी झाली. मधल्या काळात दिवाळी होऊन नवी वही सुरू झालेली होती, म्हणून या दोन महिन्यांचा अभ्यास करायचा तर संवत १९७० च्या वहीची अखेरची आणि १९७१ च्या वहीची आरंभीची पाने एकत्र लावावी लागतात. शेवटही असाच आहे. संवत १९७५ ची वही उघडल्यावर आठवडाभराने, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, शस्त्रसंधी झाली. म्हणजे कार्तिकी संवत मानणाऱ्या पेढीत युद्धाच्या पूर्ण वर्षांच्या वह्या चारच : १९७१ ते १९७४.

एवढ्यावर थांबू नये. युद्धापूर्वीची किमान तीन वर्षे हाती नसतील, तर ‘वाढ’ हा शब्दच वापरता येत नाही.

लिपी आणि आकडे

मराठी वही मोडीत असेल आणि गुजराती वही बहुधा शिरोरेघ नसलेल्या, काना-मात्रा गाळणाऱ्या व्यापारी वळणाच्या अक्षरात. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख विभागाचे प्रशिक्षण वर्ग असतात. गुजराती व्यापारी अक्षरासाठी मात्र जुन्या पेढीवर काम केलेला एखादा निवृत्त मेहताजी गाठण्यासारखा उपाय नाही. त्याच्याजवळ बसून दहा पाने वाचली की उरलेली शंभर आपली आपण लागतात, कारण वहीतला शब्दसंग्रह फार मर्यादित असतो.

आकड्यांची गोष्ट वेगळी. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, हे सर्वांना ठाऊक असते, पण ते लिहिण्याची रीत आज विसरली गेली आहे. उभी रेघ म्हणजे पावली (चार आणे), आडवी रेघ म्हणजे आणा. ‘१२॥=’ असे दिसले तर ते बारा रुपये, दोन पावल्या आणि दोन आणे, म्हणजे १२ रुपये १० आणे होत. नवशिका त्या दोन उभ्या रेघांना पूर्णविराम समजतो, आडव्या रेघांना बरोबरीचे चिन्ह समजतो आणि बाराचा आकडा तेवढा उतरवून घेतो. प्रत्येक ओळीत दहा आणे गळाले तर पानाची बेरीज कधीच लागणार नाही. बेरीज न लागणे ही वास्तविक आपल्यावर कृपाच असते, कारण मुनीमजीची बेरीज सहसा चुकत नाही. चुकलेले असते ते आपले वाचन.

वह्यांचे प्रकारही ओळखावेत. खरड्यात कच्ची नोंद, रोजकिर्दीत किंवा रोजमेळात दिवसाची जमा-नावे, आणि खतावणीत त्याच नोंदी माणसागणिक व मालागणिक लावलेल्या. आरंभ खतावणीपासून करावा, कारण कोणते खाते किती जाड आहे ते तेथे एका नजरेत दिसते. मग ज्या खात्यात काही विशेष वाटेल तेथून किर्दीतल्या त्या तारखेपर्यंत मागे जावे. किर्दीच्या पहिल्या पानापासून सगळे उतरवत बसणारे संशोधक मी पाहिले आहेत. त्यांचे काम तिसऱ्या महिन्यातच थांबते.

मणाचा घोटाळा

येथे स्वतःची एक फजिती सांगणे उपयोगाचे ठरेल. एका घरच्या वहीत तांदळाचा मणाचा भाव एकाच हंगामात जवळजवळ तिप्पट झालेला मला दिसला आणि युद्धकाळातील महागाईचा सज्जड पुरावा हाती लागला अशा समजुतीने मी त्यावर चार पाने लिहूनही टाकली. नंतर सहज बारदानाचे खाते पाहताना ध्यानात आले की पोत्यांची संख्या आणि मणांची संख्या यांचे प्रमाणही त्याच महिन्यात बदलले आहे. व्यापाऱ्याने माल घेण्याचे ठिकाण बदलले होते आणि त्याबरोबर मणही बदलला होता. मुंबईचा जुना मण २८ रत्तलांचा (रत्तल म्हणजे पौंड), म्हणजे सुमारे १२.७ किलोचा, आणि ४० शेरांचा रेल्वे मण ८२ रत्तलांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलोचा. एकाला दुसऱ्याने भागले की २.९४ येतात. माझी ‘महागाई’ तेवढीच होती. चार पाने फाडली.

तेव्हा प्रत्येक वहीसाठी आधी मापांचे कोष्टक तयार करावे. खंडी २० मणांची म्हणजे ५६० रत्तलांची असते, पण कापसाची मुंबई खंडी ७८४ रत्तलांची असते. भात आणि तांदूळ वजनाऐवजी पायली, फरा, मुडा अशा मापांनी मोजले गेले असतील तर ते माप गावागणिक बदलते. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये स्थानिक वजने-मापे आणि व्यापार यांची माहिती आहे, तीपासून सुरुवात करावी. पनवेलचा भाग त्या ग्रंथात ठाणे जिल्ह्यातच आहे, परंतु युद्धकाळात तो कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात होता. त्यामुळे पनवेल-उरणचे सरकारी कागद शोधताना दोन्ही जिल्ह्यांची नावे घालून पाहावीत.

बोलकी खाती

सर्वांत बोलके खाते वटावाचे. युद्धकाळात चांदी महागली, रुपयाची नाणी लोक साठवू लागले आणि सरकारला चांदीची तूट पडू लागली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली आणि पाठोपाठ जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या साठ्यातील चांदी विकायची वाट मोकळी केली, आणि त्यातील २० कोटी औंस हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी मिळाली, यावरून टंचाई केवढी असेल ते दिसते. नोट मोडून रोकड घ्यायची तर अनेक ठिकाणी कसर सोसावी लागे. वहीत हे कसे उतरते ते पाहा. आधी ‘रोकड’ असे एकच शिल्लक खाते असते. संवत १९७४ च्या सुमारास काही किर्दींत शिल्लक दोन भागांत लिहिली जाऊ लागते, नोटा वेगळ्या आणि रोकडा, म्हणजे नाणी, वेगळा. समजा एका दिवशी १०० रुपयांच्या नोटा देऊन ९८ रुपये रोकडा आला, तर रोकड खात्यात ९८ जमा होतील आणि २ रुपये वटाव खात्यात नावे पडतील. ते दोन रुपये म्हणजे चलनटंचाईची त्या दिवशीची, त्या गावातली मोजदाद होय, आणि अशी गावपातळीवरची मोजदाद सरकारी अहवालात क्वचितच मिळते. मात्र याच खात्यात रोख खरेदीची सूट आणि किरकोळ कसरही टाकण्याची रीत होती. म्हणून वर्षाअखेरची बेरीज उचलू नये, एकेक नोंद वाचून नोटेचा वटाव तेवढा वेगळा काढावा.

बारदानाचे खाते त्याखालोखाल. खंदकांसाठी वाळूची पोती लागू लागल्याने तागाच्या मालाला युद्धात प्रचंड मागणी आली. पूर्वी धान्याबरोबर सहज जाणारे पोते व्यापारी परत मागू लागला का, रिकाम्या पोत्यांची वेगळी येणी लिहू लागला का, एकच पोते किती फेऱ्या करते, हे या खात्यातून तपासता येते. असल्या नोंदी रटाळ वाटतात हे मान्य आहे.

मिठाच्या व्यापाऱ्याची वही मिळाली तर तिच्यावर अधिक वेळ घालवावा, कारण तेथे कर आणि बाजार यांची फारकत करण्याची सोय आहे. मिठावरील कर मार्च १९१६ मध्ये मणामागे १ रुपयावरून १ रुपया ४ आण्यांवर गेला. शंभर मणांवर आधी १०० रुपये कर भरणारा माणूस त्यानंतर १२५ रुपये भरू लागला. त्या सुमारास भाव मणामागे चार आण्यांनीच चढला असेल तर ती वाढ कराची, त्याहून वर जे असेल ते वाहतूक, साठेबाजी आणि टंचाई यांचे. व्यापाऱ्याने कर लागू होण्याआधी माल भरून ठेवला होता का, हेही माघ-फाल्गुनातील खरेदीवरून समजते, आणि बहुधा त्यावरून त्याला बातमी केव्हा लागली याचा अंदाज करता येतो.

भिवंडीच्या हातमागाशी संबंध असलेल्या सुताच्या किंवा रंगाच्या व्यापाऱ्याकडे प्रश्न आणखी सरळ असतो. कृत्रिम रंग मुख्यतः जर्मनीतून येत आणि ती आयात युद्धाबरोबर तुटली. रंगाच्या खात्यात माल केव्हा संपला, जुना साठा कोणत्या भावाने निघाला आणि पुन्हा माल आला तेव्हा तो कोणाकडून आला, एवढे तीन मुद्दे टिपले तरी एक स्वतंत्र लेख होईल.

हुंडणावळ पाहताना एकच पथ्य आहे. तिचा दर हंगामाप्रमाणे चढतो-उतरतो, तेव्हा मार्गशीर्षाची तुलना मागच्या मार्गशीर्षाशी करावी, आषाढाशी नव्हे. ‘वार लोन’ (युद्धकर्ज) किंवा लढाई फंड अशा नावाचे खाते १९१७ पासून दिसले तर आकडा आणि तारीख जरूर घ्यावी. पैसे राजनिष्ठेपोटी दिले की मामलेदाराच्या शब्दाखातर, हे खतावणी सांगत नाही आणि आपणही तिच्या तोंडी ते घालू नये.

थकबाकीची यादी सर्वांत शेवटी करावी, कारण तिला वेळ लागतो. खतावणीतील ऋणको शेतकरी, आगरी, कोळी, विणकर असे व्यवसायाने वेगळे काढून, प्रत्येक दिवाळीला कोणाची बाकी पुढे ओढली गेली आणि त्यावर व्याज कसे लागले, ते पाहावे. भाव चढल्याने व्यापारी श्रीमंत झाला असे आपण पटकन म्हणतो. विकलेल्या मालाचे पैसे तीन दिवाळ्या आलेच नाहीत, तर तो कागदावरच श्रीमंत झालेला असतो.

युद्ध कोणते, पाऊस कोणता

येथे नवशिके सर्वाधिक चुकतात. १९१८ चा पावसाळा फसला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. जूनमधल्या लाटेपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरची लाट अधिक प्राणघातक होती. म्हणजे संवत १९७४ चे भाद्रपद-आश्विन ही युद्ध, अवर्षण आणि साथ या तिन्हींची एकत्र पाने आहेत. त्या महिन्यांतील तांदळाचा भाव उचलून तो युद्धाच्या नावावर मांडणे चूक होय. १९१७ अखेरपर्यंतची वाढ वेगळी आणि त्यानंतरची वेगळी दाखवावी. पाऊसमानाचे आकडे शेजारी लावावेत. वटाव, बारदान, रंग या खात्यांचा पावसाशी थेट संबंध कमी असल्याने ती येथे पुन्हा कामाला येतात. साथीचा माग कधी कधी आकड्यांत नसतोच. आश्विनात अचानक अक्षर बदलते, पाच-सहा दिवस नोंदच नसते, मग तिसऱ्याच कोणाच्या तरी हाताने वही पुढे चालू होते. असे पान दिसले तर त्याचे छायाचित्र स्वतंत्र जपून ठेवावे.

पडताळणीसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारातील महसूल आणि व्यापार खात्यांचे अहवाल, सरकारने दरवर्षी छापलेली भाव-मजुरीची कोष्टके आणि त्या काळच्या ‘मुंबई समाचार’मधील बाजारभाव पाहावेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे बरेच कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचे आहे. स्थानिक जुनी पुस्तके आणि नियतकालिके यांसाठी तेथे एक फेरी अवश्य मारावी. मुंबईच्या कामगारांचा राहणीमानखर्चाचा निर्देशांक जुलै १९१४ हा पाया धरून काढलेला असला, तरी तो काढणारे कामगार कार्यालय १९२१ चे आहे. युद्धकाळासाठी त्याचा आधार घेताना हे अंतर विसरू नये.

आपल्या हाती आलेली वही टिकलेल्या पेढीची आहे, हेही लिहिताना स्पष्ट नोंदवावे. जी पेढी १९१५ मध्ये बुडाली तिची वही माळ्यावर राहत नाही. ती फार तर दिवाळखोरीच्या कामात न्यायालयात दाखल झालेली असते. असा एखादा दावा सापडला तर तो एका समृद्ध पेढीच्या चार वह्यांइतका मोलाचा समजावा.

नोंदी संगणकावर चढवताना मूळ तिथी, मूळ माप आणि मूळ रक्कम यांचे रकाने वेगळे ठेवून त्यांना हात लावू नये. इसवी तारीख, किलो आणि पैमध्ये केलेले रूपांतर पुढच्या रकान्यांत असावे. माझा मणाचा घोटाळा सापडला तो मूळ रकाना जागेवर होता म्हणूनच.

ऋणकोंच्या नावांबाबत मात्र वहीशी प्रामाणिक राहू नये. गहाण पडलेली जमीन, न फिटलेले कर्ज, विकलेले दागिने हे सारे त्या पानांवर नावानिशी आहे आणि त्या माणसांची पणतवंडे आजही त्याच आळ्यांत राहतात. छापताना प्रत्येकाला क्रमांक द्यावा, आद्याक्षरेही देऊ नयेत. ‘चेंदणीचा एक कोळी, दोन होड्यांचा मालक’ एवढ्या वर्णनावरूनही कोळीवाड्यात घर सांगणारे लोक आहेत.